धनुबाईच्या काढ्याचा गुण

मु. कळसाडी, ता. शहादा

आदरणीय बन्सीलालभाऊ यांस, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे चुनीलालचा, हात जोडून रामराम.

तुमची, वहिनींची आणि नवापूरच्या झाडून सगळ्या कोंबड्यांची तब्येत ठीक असेल. आमच्याकडे ऊस बरा आहे, कापूस बरा आहे, म्हैसही आता बरी आहे. माणसांचं पुढे लिहितो. (फोन का नाही केला म्हणाल, तर आमच्या घरात फोनवर बोललेलं तुमच्या बहिणीला, धनुबाईला, ऐकू जातं, आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून पत्र शहाद्याच्या स्टँडवर नवापूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देणार आहे.)

तर मध्यंतरी मला ताप आला. गावभर व्हायरलची साथ, मग मीच कसा सुटणार? धनुबाईने मात्र तो ताप फारच मनावर घेतला. तिच्या मते गुळवेल कडुलिंबावर चढलेली असेल तरच औषधाची, कारण लिंबाचा कडूपणा वेलीत उतरतो. म्हणून आमच्याच बांधावरची, बोरीवर चढलेली वेल सोडून तिने शेजारच्या नानीबाईच्या लिंबावरची कापून आणली. त्यात अडुळसा, तुळस, आलं, मिरी घालून पातेलंभर पाणी पेलाभर होईपर्यंत आटवलं. भाऊ, मी बरंच कडू पचवलेलं आहे (तुमच्या काकांनी लग्नात ऐकवलेलं धरून), पण हे घशाखाली उतरेना. बरं, नको म्हणायची सोय नाही. चुलीपाशी बसून, डोळ्यांत धूर घेत तिने ते उकळलेलं. मग मी 'गरम आहे, ओट्यावर बसून पितो' म्हणायचो आणि पेला गुपचूप म्हशीच्या भिजवलेल्या सरकीत ओतायचो.

म्हशीने सरकीला तोंड लावणं सोडलं. धनुबाई हबकली. "तुमना ताप म्हैसले लागना!" म्हणत तिने म्हशीसाठीही काढा चढवला आणि तो बांबूच्या नळीने पाजायचं काम माझ्याकडे दिलं. त्या झटापटीत म्हशीने फुर्रकन तो सगळा माझ्यावर उडवला. सदरा दोनदा धुतला, तरी कडूच असावा (चाखला नाही, पण माशी बसत नाही). तेव्हापासून म्हैस माझ्याकडे पाठ करूनच उभी राहते.

ताप काही हटेना. शेवटी खताचं बघून येतो असं सांगून शहाद्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, भरपूर पाणी आणि आराम सांगितला. काढ्याचं विचारलं तर म्हणाले, थोडा घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर ताप अंगावर काढू नका. गोळ्या सुपारीच्या डब्यात लपवल्या आणि हळूहळू उठून बसलो. धनुबाईने गल्लीभर सांगितलं की काढ्याचा गुण आला. मीही मान डोलावली. इतकी खूश होती ती, की खरं सांगवेना. बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
चुनीलाल

ता. क. – मुख्य गोष्ट लिहायचीच राहिली. आता धनुबाईला ताप आहे. सांधे धरलेत, उठताना भिंतीला हात लावते. दवाखान्यात चल म्हटलं की एकच उत्तर, "याच काढावर तुमना ताप उतरना ना? मंग मन्हा बी उतरी." आणि बिचारी तोंड वाकडं न करता पेल्यामागून पेले पिते. मला खरं सांगायचा धीर होत नाही आणि न सांगता अन्न गोड लागत नाही. भाऊ, मला भीती वाटते आहे. तुमचं ती ऐकते. मिळेल त्या गाडीने या आणि तिला दवाखान्यात न्या. सरकीचंही तुम्हीच सांगा. मी तेवढा वेळ शेतात जाईन.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात ती पुन्हा पेला तोंडाला लावताना दिसली. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. "मंग मन्ही म्हैस फुकट उपाशी ऱ्हायनी!" एवढंच बोलली. दवाखान्यात यायला तयार झाली आहे, रिक्षा दारात उभी आहे. (आता फोन केला तरी चालेल, पण हे सगळं फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून पत्र पाठवतोच. तुम्ही तरीही या.) तिची अट एकच होती, निघण्याआधी तिच्यासमोर पेलाभर काढा मी प्यायचा. प्यालो. डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "इतला काई कडू नही शे." खरं आहे भाऊ, तितका नव्हता.