गाण्याचा अर्थ तिलाच विचारा

गुरुजी, मी चिखलदऱ्याच्या खालच्या गावातली. तुमच्या त्या उन्हाळ्याच्या शिबिरात सात मुली होत्या, त्यांतली सगळ्यात उंच ती मी. आता गुडघे दुखतात, नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, आणि अमरावतीत मुलाच्या घरी राहते. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या पुढे मी कधीच निघून गेले. तरी तुम्हाला लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते.

तुम्ही आलात तो मे महिना होता. अकोल्याच्या शाळेतली तुमची सुट्टी, आणि तुम्ही एसटीच्या टपावर बाजाची पेटी बांधून डोंगर चढून आलेले. पेटी उतरवणाऱ्याला तुम्ही म्हणालात, "हळू रे बाप्पा, लेकरू आहे ते." पहिल्या दिवशी सकाळपासून तुम्ही शाळेच्या ओसरीवर एकटेच बसून होता. आम्ही दुपारी उगवलो. "सकाळी काहून नाही आले?" तुम्ही विचारलंत. कोणीतरी सांगितलं, सकाळी तेंदूची पानं तोडायला जावं लागतं. तुम्ही रागावला नाहीत. "मंग आपलं शिबीर दुपारी," म्हणालात, आणि वहीत लिहिलेलं वेळापत्रक खोडून टाकलंत. मग एक गाणं म्हणायला सांगितलंत. आम्ही शाळेची प्रार्थना म्हटली. "हे त मलेबी येते. तुमच्या घरी गातेत ते म्हना." कोणी तोंड उघडेना. आमच्या शाळेत कोरकू बोललं की हातावर पट्टी बसायची, हे तुम्हाला कुठे माहीत होतं? शेवटी आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीनं लग्नातलं एक गाणं म्हटलं, जमिनीकडे बघत. तुम्ही पेटीवर तिचा सूर शोधत राहिलात, तो काही सापडला नाही, तेव्हा पेटीचं झाकण लावलंत. "हे माह्या पेटीत बसत नाही," म्हणालात आणि नुसता टाळीनं ठेका धरलात. त्या दिवशी आम्ही तुम्हाला आपलं मानलं.

रोज दुपारी तुम्ही राज्यघटनेतला एक हक्क आपल्या वऱ्हाडीत सांगत होता, आणि मग त्यावर आम्ही आमच्या भाषेत गाणं रचायचं, चित्र काढायचं, नाहीतर सोंग करून दाखवायचं. वेठीविरुद्धच्या हक्काचा दिवस आला तेव्हा तुम्ही समजावून सांगायला लागलात, आणि मागून एक मुलगा म्हणाला, "बेगार. ते माहीत आहे आमाले." तुम्ही थांबलात. मग तुमच्या आजोबांची गोष्ट सांगितलीत. अकोल्याकडच्या गावात ते सगळ्या गावाचे निरोप पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायचे, आणि त्या बदल्यात दारोदारच्या शिळ्या भाकरी मिळायच्या. तुम्हा लोकांना बौद्ध होऊन तेव्हा पाच-सहाच वर्षं झाली होती. "आमी ते सोडलं," एवढंच तुम्ही म्हणालात. त्याच आठवड्यात जंगलखात्याच्या नाकेदारानं माझ्या बाबांना बैलगाडी घेऊन विश्रामगृहाची लाकडं वाहायला नेलं होतं, दोन दिवस, फुकट. मी दुसऱ्या दिवशी गाणं घेऊन आले. बैल आमचे, पाय आमचे, घाम आमचा, मग लाकडं कोणाच्या चुलीची? मराठीत ते असं कोरडं होतं. आमच्या भाषेत त्याला बैलांच्या चालीचा हेलकावा होता.

गाणं सगळ्यांना आवडलं आणि माझं डोकं जरा वर गेलं. मला इतरांपेक्षा बरी मराठी यायची. ती लहान मुलगी मराठी बोलताना अडखळली की मी तिची नक्कल करायचे, आणि सगळे हसायचे. तुम्ही एकदा ते पाहिलंत. मला बाजूला, कडुनिंबाखाली बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. "तुले शाळेत जे हसले, त्यायचं तोंड तू काहून लावून आली?" मी रडले नाही, पण त्या दिवशी घरी कुटकीचा भात तसाच ताटात राहिला. नोकरीत पुढे कितीदा तरी मेळघाटातून आलेल्या बायका माझ्या वॉर्डात खाटेवर अंग चोरून बसलेल्या असायच्या आणि एखादी नवी नर्स त्यांच्या बोलण्याला हसायची. मी त्या नर्सला तुमचंच वाक्य ऐकवलं आहे, तुमच्याच वऱ्हाडीत.

शेवटच्या दिवशी गाव जमलं. आणि तुम्ही, गुरुजी, नाकेदारालाच पाहुणा म्हणून बोलावलंत. शाळेतली एकुलती एक हातांची खुर्ची त्याला दिली. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी पुढे येते, तो समोर बसलेला, त्याच्या मागे तुम्ही उभे, आणि पलीकडे माणसांत बाबा. बाबा मान हलवतात, नको म्हणून. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. माझ्या मागे त्या लहान मुलीनं टाळीचा ठेका सुरू केला. मग मला थांबता येईना. मी पूर्ण गाणं म्हटलं. नाकेदाराला आमची भाषा थोडीफार कळत होती, बैल आणि लाकडं एवढं तरी नक्की. त्यानं मान वळवून तुम्हाला विचारलं, "काय म्हनून राहिली हे पोरगी?"

"मले कोरकू येत नाही, साहेब," तुम्ही म्हणालात. "गाण्याचा अर्थ तिलेच इचारा."

त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला. अर्थ तुम्हाला ठाऊक होता, मीच वहीत लिहून दिला होता. मी एकेक ओळ मराठीत सांगितली. आवाज इतका बारीक झाला होता की त्यानं दोनदा "काय?" म्हटलं, आणि दोनदा मला तेच पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. लाकडं कोणाच्या चुलीची, हे तर मी जवळजवळ ओरडून सांगितलं. तो तुम्हाला म्हणाला, "पोरायले हे शिकवून राहिले का तुमी?" तुम्ही खिशातून कागद काढलात, वेठीचं कलम वाचून दाखवलंत, आणि म्हणालात, "हे सरकारनं लिहिलं आहे, साहेब. पोरायनं निस्ती चाल लावली." तो चहा न घेता उठून गेला.

पुढचं तुम्हाला पुरतं कळलं नसेल, कारण तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं उतरून गेलात. आठवड्यानं नाकेदाराचा माणूस बैलगाडी मागायला आला. बाबा फार बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "बैल आज घरच्या कामाले आहेत." माणूस गेला. आई दिवसभर दाराशी उभी होती. कोणी आलं नाही. पुढे तीन दिवसांनी तोच माणूस मजुरीचा हजेरीपट घेऊन आला, बाबांचं नाव विचारून त्यावर लिहिलं, आणि मगच गाडी जुंपली. सगळंच लगेच बदललं असं नाही. नाकेदाराकडे फुकटच्या कोंबड्या पुढेही काही वर्षं जात राहिल्या. पण गाडीचं फुकट काम आमच्या गावात त्यानंतर झालं नाही.

राग मात्र मी धरून ठेवला होता. दोन वर्षांनी नर्सिंगच्या प्रवेशासाठी तुम्ही मला अकोल्याला बोलावलंत. मी तुमच्या घरी राहिले. स्वयंपाकघरात तुमच्या घरच्या बाई भाकरी थापतायत, अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी बसली आहे, आणि त्या मला भिंतीशी पाहुणीसारखं बसू न देता तव्यावरची भाकरी उलटायला लावतायत. तुम्ही पाटावर. मी विचारून टाकलं, "गुरुजी, त्या दिवशी मले एकटीले काहून सोडलं?"

तुम्ही घास खाली ठेवलात. "मी सांगतलं असतं त त्यानं मले शिव्या देल्या असत्या अन् घरी गेला असता. तुह्या बापाच्या बैलायचं तुह्या तोंडून ऐकलं, म्हनून ते त्याले घरी घेऊन जा लागलं."

बाई तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "पूर्ण सांगा ना. पोरी, हे भेले होते. इथं आल्यावर बदलीच्या कागदाची महिनाभर वाट पायली यायनं."

"भेलो होतो," तुम्ही म्हणालात. "म्हनून त खुर्चीच्या मागे उभा होतो. समोर उभा असतो त पाय दिसले असते."

तिघंही हसलो. माझा राग तिथेच, त्या चुलीपाशी, संपला. निघताना तुम्ही मला शिबिरातली सगळी गाणी तुमच्या हातानं लिहिलेली वही दिलीत. "लय चुका आहेत. मले तुमची भाषा कानानं जेवढी कळली तेवढी लिहिली. दुरुस्त तू कर." खरंच लय चुका होत्या. त्या शोधता शोधता मी पहिल्यांदा माझी भाषा लिहायला शिकले.

माझं बरं चाललं, गुरुजी. नोकरी मनासारखी झाली, माणसं चांगली भेटली. हे पत्र पाकिटात घालायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. तुमच्या अकोल्याच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. लिहायचं कारण एवढंच की एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. माझ्या मुलांना मी कोरकू शिकवली नाही. अमरावतीच्या शाळेत त्यांना कोणी हसू नये, असं वाटलं. आता नात मागे लागली आहे, तर तिला बैलांचं गाणं शिकवते आहे, संध्याकाळी, गच्चीवर. वही मधल्या एका घरबदलात हरवली, आणि तिसरं कडवं मला काही केल्या आठवत नाही. मी माझ्या मनानं एक नवं घातलं, आणि तिला सांगितलं की ते तेव्हाचंच आहे.