अठरा हजारांची खुर्ची

सास्तूर,
रविवार

प्रिय अर्पिता,

फोनवर तू मला मधेच तोडतेस, म्हणून लिहिते. दोन महिने झाले, मी डेअरी सोडली. भांडून सोडली. लगेच फोन लावू नकोस, आधी सगळं वाच.

एकोणीस वर्षं मी कल्याणप्पांच्या डेअरीवर दूध तपासलं. मशीन बंद पडलं तरी सोडा घातलेलं दूध नुसत्या वासावर बाजूला काढत होते. पगार नऊ हजार. मग तेवीस वर्षांचा उत्कर्ष डिग्री घेऊन आला. दुधाची फॅट कशी मोजायची ते त्याला मीच शिकवलं. माणूस चांगला, मला मावशी म्हणायचा. पण त्याचा पगार पहिल्याच दिवसापासून अठरा हजार. गेल्या वर्षी मी मालकांना विचारलं, तर म्हणाले, "शिवरंजनीबाई, नववी शिकलेल्या बाईला यापेक्षा जास्त कोण देतंय?"

तुला बोलले न्हाय, पण मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून दहावी. भाकरी थापताना तुझी जुनी पुस्तकं चुलीशेजारी उघडी असायची. भूमितीनं लई छळलं. तरी एकसष्ट टक्के पडले! मार्कलिस्ट नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचललीसुद्धा नाही. "पंचेचाळिशीत काय करता याचं?" म्हणाले. म्हणजे कालपर्यंत शिक्षण कमी होतं, आज वय जास्त झालं. माझा पगार वाढायचं वर्ष मधे कधी येऊन गेलं, मला कळलंच नाही. डेअरीच्या किल्ल्या तिथंच ठेवल्या आणि निघाले. रडले नाही.

आता शेजारची उमाबाई आणि गल्लीतल्या दहाजणी आपल्या अंगणात दूध घालतात. मी तपासते, आम्ही खवा आटवून उमरग्याला पाठवतो. पहिल्या महिन्यात माझ्या वाट्याला सात हजार आले. कमीच आहेत. पण ते कुण्या मालकानं ठरवलेले नाहीत.

आता लिहायचं खरं कारण. उत्कर्ष मोठ्या डेअरीत गेला. त्याच्या जागेसाठी कल्याणप्पा तुला फोन करणार आहेत. कालच उमाबाईला म्हणाले, "पोरगी बीएस्सी झालीय, पण लहान हाय, अनुभव न्हाय. दहा हजारांत येईल." नोकरी हवी असली तर जरूर घे, माझं भांडण मधे आणू नकोस. पण अठरा हजारांच्या खाली एक रुपयाही कबूल करू नकोस. त्यांनी तुझं वय काढलं, तर उत्कर्ष आला तेव्हा किती वर्षांचा होता ते विचार. आणि एक आत्ताच सांगून ठेवते. तू त्या खुर्चीत बसलीस, तरी माझ्या अंगणातलं एक लिटर दूधसुद्धा मी तुझ्या डेअरीला जाऊ देणार नाही.

तुझीच,
आई