होल्मविक भावंडांची नवी रेकॉर्ड

प्रिय आईस बर्गनहून घट्ट मिठी,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कसा आहे?

होल्मविक भावंडांच्या जुन्या रेकॉर्डी पुन्हा निघाल्यात. तुझ्या वाढदिवसासाठी एक घेतली, पण अजून पाठवली नाही. कारण सांगते, घाबरू नकोस.

गाणारी भावंडं तिघंच. चौथा सूर आपली तोर्डिस स्वतःच रचून वरून धरायची, तू आम्हा दोघी बहिणींना घरी त्यांची गाणी शिकवायचीस तेव्हा. ती वारल्यानंतर मी तो सूर कुणासमोर गुणगुणलाही नाही. या रेकॉर्डवर तो आहे.

आधी वाटलं, माझ्याच कानांची चूक. म्हणून वरच्या मजल्यावरच्या आर्नफिनना वॉफल खायला बोलावलं आणि काही न सांगता रेकॉर्ड लावली.

"तिघं ठीकच आहेत गं," ते म्हणाले, "पण ती धाकटी! श्वास घ्यायलासुद्धा विसरते पोर." आणि तोच सूर गुणगुणत जिना चढून गेले.

रेकॉर्ड बांधून ठेवली आहे. तुला ऐकायची आहे का? बाबांना झेपेल? ईस्टरला मीच घेऊन येते. तोर्डिसला पोस्टात एकटीला टाकायला मन होत नाही.

तुझी,
इंगविल्ड