चिखलात बघितलेले पाय

सर, परवा खालापूरच्या एसटी स्टँडसमोर एक मुलगी मला बघून औषधाच्या दुकानात शिरली. ही काही पहिली वेळ नाही. गेलं वर्षभर हेच चाललंय. मी समोरून आले की तिला एकदम काहीतरी औषध आठवतं. एकदा तर उभ्या जीपमध्ये चढून बसली, जीप कुठे चाललीय हेसुद्धा न विचारता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ही मुलगी तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. पण तिच्यामुळेच आज लिहायला बसलेय. शाळेला सुट्टी आहे, घरात कुणी नाही, आणि जुन्या हजेरीवहीची कोरी पानं उरली आहेत.

मी अजून खेळाची शिक्षिकाच आहे. तालुक्याचा मुलींचा कबड्डी संघ निवडणारे तिघं असतात, त्यातली एक मी. म्हणजे तुमचीच खुर्ची म्हणा ना. आणि निवड कशी करते म्हणाल तर तीही तुमच्यासारखीच. तुम्ही कर्जतहून सकाळच्या एसटीने कशेळ्याला उतरायचात, गळ्यात शिट्टी, काखेत छत्री. भाताच्या आवणीच्या दिवसांत आम्हाला मैदानात नाही, खाचरात न्यायचात. चिखलणी झालेलं खाचर, गुडघ्याएवढा रेंदा. तुम्ही बांधावर उभे आहात आणि आम्ही दहाबारा मुली एकेक करून या बांधावरून त्या बांधावर चालतोय. जिचा पाय चिखलातून पचक आवाज न करता सुटतो, ती चढाई करणार. बाकीच्या घरी. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, खेळाडूचे चिखलात," असं तुम्ही म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. माझा पाय वाजला नाही. तुम्ही छत्री खाली ठेवलीत आणि मला परत चालायला लावलंत, मग आणखी एकदा.

त्याच दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. चुलीसमोर पाटावर बसून भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लंत. आई लाजून दाराआड उभी. तुम्ही बाबांना म्हणालात, "ही राज्याकडून खेळणार. लिहून ठेवा." बाबा म्हणाले, "लिव्हायचं काय त्यात सर, तुमी बोललाव म्हंजी झालं." आणि खरंच झालं की! तुमचा शब्द म्हणजे तालुक्यात काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी मला शेतात पाऊल टाकू दिलं नाही, पायात काटा जाईल म्हणून. ज्या पायांची किंमत चिखलात कळली, त्यांनाच चिखलाची बंदी! माझ्या वाटणीची आवणी धाकट्या बहिणीने केली. ती वाकून वाकून कंबर धरायची आणि ओरडायची, "तुझं तेवढं पाय, आन् आमचं काय खुर हायत गं?" मी बांधावर बसून तिला डबा द्यायचे. ते सगळं मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या चार वर्षांत एक दिवसही असा गेला नाही की 'नाही जमलं तर?' हा विचार आला नाही.

आणि नाही जमलं. पुण्याला राज्याची निवड चाचणी झाली, तुम्ही सोबत होतात. मी चार चढाया केल्या आणि तीनदा धरले गेले. यादीत नाव नाही. परतताना खोपोलीला एसटी थांबली, तुम्ही खाली उतरून माझ्यासाठी वडापाव आणलात, स्वतः काही खाल्लं नाहीत. म्हणालात, "आज तुझा दिवस नव्हता. आणि त्यांची नियत नव्हती." मी वडापाव खात राहिले. पुढे कळलं की निवड समितीतल्या तुमच्या जुन्या मित्राशी तुम्ही भांडलात, त्याला पक्षपाती म्हणालात, त्याच्या घरच्या लग्नालाही गेला नाहीत. पंचवीस वर्षांची मैत्री तुम्ही माझ्या पायांसाठी मोडलीत, आणि मी गप्प.

त्यानंतर प्रत्येकाने आपापलं कारण शोधलं. आई म्हणाली नजर लागली. बाबा म्हणाले वशिला नव्हता. लग्न झाल्यावर तर गावाला आयतंच कारण मिळालं, सासरच्यांनी खेळ सोडायला लावला. बिचाऱ्या माझ्या सासूबाई! पोराला कडेवर घेऊन मला सरावाला हाकलायच्या आणि वर लोकांना सांगत फिरायच्या, "आमी कुटं आडवलंय? खेळ म्हनावं, पाय मोडंस्तोर खेळ!" मी स्वतःसाठी गुडघा शोधून काढला. कर्जतच्या बाजारात तुम्ही लांबून दिसलात की मी भाजीवालीच्या मागून गल्लीत वळायचे. एकदा वळायला गल्लीच नव्हती, तेव्हा मी तुम्हाला गुडघ्याचं सांगितलं. आठ दिवसांनी तुम्ही कुणाच्या तरी हाती तेलाची बाटली पाठवलीत, स्वतः उकळलेलं तेल. त्या तेलाने सासूबाईंचे गुडघे चांगले बरे झाले. मला मात्र ती बाटली बघवायची नाही. तुमच्यासारख्या माणसाचा शब्द मी खोटा पाडला, माझ्यात काहीतरी होतं आणि ते मी कुठेतरी सांडून टाकलं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

आता त्या औषधाच्या दुकानातल्या मुलीकडे येते. तीन वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या निवडीला मुलींना खाचरात उतरवलं. खेळ केव्हाच मॅटवर गेलाय, पायात बूट आलेत, तरी मी आपली चिखलात. बरोबरचे दोघे हसले, पण तुमची शिष्या म्हणून गप्प बसले. ही मुलगी अशी चालली की पाण्यावर ओरखडा नाही. माझ्या अंगावर काटा आला. त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले, चहा प्यायले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "ही राज्याकडून खेळणार." तुमचंच वाक्य, सर. तोंडातून निघाल्यावर कळलं. खाचरात तिच्या मागून एक जाडजूड मुलगी आली होती. तिसऱ्याच पावलाला तोंडावर आपटली आणि चिखलातच बसून खो खो हसत सुटली. तिला मी बांधावरूनच घरी पाठवली. पुन्हा नावसुद्धा विचारलं नाही.

ती जाडजूड मुलगी यंदा राज्याच्या संघात आहे. मागच्या महिन्यात पेढे घेऊन माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मी ओळखलंच नाही. मला वाटलं, आता हिशेब चुकता करायला आलीय. तर ही म्हणते, "बाई, तुमी मला काढलंत ना, तवा मी लय खूश झालेली. घरी जाऊन मस्त झोपले." मग इथवर आलीस कशी, विचारलं. तर म्हणे कर्जतला कॉलेजात संघाला एक मुलगी कमी पडत होती, बचावाला डाव्या कोपऱ्यात उभं राहायला कुणी तयार नव्हतं, हिला उभी केली. मी मोबाईलवर तिचा सामना बघितला. समोरची चढाई करत येते, नाचते, हुलकावण्या देते, आणि ही नुसती उभी. हलत नाही. मी घरात बसून ओरडतेय, "अगं धर!" आणि ही थांबते. शेवटच्या क्षणाला खाली वाकते आणि घोटा धरते, मग समोरची सुटत नाही. हे थांबणं कुठल्या चिखलात दिसणार होतं, सर? मी आत शिरण्याआधीच ठरवून टाकायचे कुठे पाय मारायचा ते. गावात मुली माझे पाय बघूनच बुजायच्या, म्हणून चालून जायचं. मोठ्या खेळात कुणी बुजत नाही.

पेढे खाल्ले तेव्हाच मला बघून लपणाऱ्या त्या दुसरीची आठवण झाली. म्हणून परवा ती दुकानात शिरली तशी मीही मागोमाग शिरले. तिच्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली.

"खोकला झालाय?"

"नाय बाई." मग मान खाली घालून म्हणाली, "माझं नर्सिंगचं दुसरं वरीस हाय. सरावाला टाइमच नाय भेटत. आन् पाय पण जरा..."

"काय झालं पायाला?"

"काय नाय झालं," म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणीच आलं तिच्या. सर, तो चेहरा मी ओळखला. आरशात बघितलाय तो.

मी म्हटलं, "ऐक. तुझं काही चुकलेलं नाही. माझा अंदाज चुकला."

दुकानदार कान देऊन ऐकत होता. तिने मान वर केली. "म्हंजी मी वाया नाय घालवलं?"

"घालवायला होतं कुठे? मी चिखलात पाय बघितले आणि तुझ्या बापाला मोठ्या तोंडाने सांगून आले. तू बरी खेळायचीस. बरी म्हणजे बरी. राज्याची नाही. ते मला कळायला हवं होतं, तुला नाही."

वाटलं होतं रागावेल. तर तिने एवढा मोठा श्वास सोडला की काउंटरवरची बिलं उडाली. मग डोळे पुसत हसायला लागली. "बाई, ह्या दुकानातनं मी आतापोत चार बाटल्या नेल्यात खोकल्याच्या. आमच्या घरात कोणच खोकत नाय!" बाटली परत केली, आम्ही स्टँडवर चहा घेतला, आणि ती अर्धा तास नुसती बोलत होती, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांबद्दल, सुई न दुखवता कशी टोचायची त्याबद्दल. कबड्डीचं नाव नाही.

ती गेल्यावर मी बाकावर तशीच बसून राहिले. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं, सर. नजर, वशिला, सासू, गुडघा, सगळं सांगून झालं, पण 'सरांचा अंदाज चुकला' एवढं साधं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. तुमचे खरे ठरलेले दोन अंदाज सगळ्या तालुक्याला पाठ आहेत, चुकलेले कधी कुणी मोजलेच नाहीत. परवा त्या बाकावर बसून मी मोजले. ज्याला तुम्ही वाघ म्हणायचात तो भिवपुरीला टेंपो चालवतो आणि मजेत आहे. ज्याला 'याचे पाय म्हणजे मुसळं' म्हणून घालवलंत तो पुढे पोलिसांच्या संघातून खेळला. आणखी तीन आठवले. मोजता मोजता मला हसूच यायला लागलं. राग तर अजिबात आला नाही. उलट तुम्ही इतके जवळचे कधी वाटला नव्हतात. तुम्ही माझ्यासारखेच निघालात, खेळावर जीव टाकणारे आणि पुढचं काही एक न दिसणारे. डोक्यावरून पाण्याची हंडी उतरवून ठेवावी तसं हलकं वाटलं मला. पुढच्या वर्षी मी मुलींना खाचरात उतरवणार नाही. खेळू देईन आणि बघेन. कुणाच्याही बापाकडे चहाला जाणार नाही.

हे पाठवायचं कुठे? तुमच्या कर्जतच्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे. पानं हजेरीवहीतच राहतील. फक्त एक गोष्ट लिहायची राहिली, खोपोलीला एसटीत बसल्या बसल्या सांगायला हवी होती ती. तेव्हा सांगितली असती तर तुमचा मित्र तरी तुमच्याजवळ राहिला असता. सर, पुण्याच्या त्या चाचणीत मला ताप नव्हता, भीती नव्हती, कुणी माझ्यावर अन्याय केला नाही. त्या दिवशी मी आयुष्यात सगळ्यात चांगली खेळले होते.