‘दिवस गेले’ : एक तौलनिक घोळ

तीर्थरूप ताईस,

रागावलेल्या माणसाला घालावा तसा लांबूनच नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? (दोघेही तुझं ऐकत नसणार.) मी बरी आहे, तुझी लेकही बरी. तिचा विषय काढायचा नाही असं तू बजावलं आहेस, म्हणून काढत नाही. हे पत्र कवितांबद्दल आहे.

वाचनालयाच्या महिला मंडळात मला फसवल्या गेलेल्या मुलींच्या दोन कवितांवर तौलनिक भाषण करायचं होतं. दुपारी खिडकीशी बसले. समोरच्या लाँड्रीची वाफ रस्त्यावर तरंगत होती, वाळत घातलेल्या चादरी संथ फुगत होत्या, आणि माझं तुला ठाऊक आहेच, कविता हातात घेतली की मी कुठल्या कुठे जाते (चहाचं भांडं जळलं). पहिल्या कवितेतली मुलगी भोळी. तो निघून जातो, ही नदीत उतरते. दुसरीतली उतरत नाही, पाळणा हलवत झिजत राहते. तिच्यातली ‘वाटेत उभीला दिवस गेले’ ही ओळ मला इतकी भावली, की तिची प्रतीक्षा आणि काळाचा प्रवाह यांवर मी पानंच्या पानं लिहिली आणि तुझ्या लेकीला वाचून दाखवली. ती उकडलेली अंडी खात होती. पोटावर हात ठेवून ती शांतपणे म्हणाली, “काळ नाही गं मावशी, बाळ.”

आणि मग जी हसत सुटली! इथं आल्यापासून पहिल्यांदाच. मीही हसले (माझं सगळं लिखाण पाण्यात गेलं, बिनलग्नाच्या बाईनं असले विषय घेऊच नयेत). हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, या दोघींना कधी भूक कशी लागत नाही? आणि दोघींपैकी एकीलाही आई कशी नाही? शेवटी भाषणात मी तेवढंच विचारून खाली बसले. अध्यक्षबाई डोळे पुसत राहिल्या आणि आभार मानायला विसरल्या.

तुझी धाकटी

ता. क. या पत्रात मी तुझ्याकडे काहीएक मागितलेलं नाही.

पुन्हा ता. क. खोटं आहे ते. तिला आठवा लागलाय. परवा तिच्या हातून माझी काचेची बरणी फुटली. मी म्हटलं, असू दे गं. तर रडायलाच लागली. म्हणाली, “तुला धड रागावताही येत नाही. आई असती तर...” ताई, राग सोडू नकोस. घेऊनच ये.