कपाटातलं ट्रम्पेट

४ जून

चि. चिमणीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा घरचा आहेर काल भर कोर्टात पोचला. शेजारच्या मास्तरांनी माझ्या वाद्यदुरुस्तीच्या खोलीवर दावा लावला आहे, हे तुला ठाऊकच आहे. राहत्या इमारतीत ट्रम्पेटं फुंकून तपासायची नाहीत, खोली बंद करा, असं त्यांचं म्हणणं. काल त्यांच्या वकिलाने वरच्या कोर्टाचा ताजा निकाल काढला आणि त्यावरचं मासिकातलं भाष्य खणखणीत आवाजात वाचलं. घरातल्या शांततेपुढे शेजाऱ्याचा धंदा दुय्यम, असं त्यात होतं. खाली तुझं नाव. तुझं सदर मी मालिकेसारखं वाचते, नेमका हाच अंक राहिला होता.

माझ्या वकीलबाई म्हणाल्या, भाचीकडून खुलासा छापून घ्या. मी नाही म्हटलं. माझ्यासाठी मत फिरवू नकोस. पण खोली गेली तर काय करायचं, ते खरंच सुचत नाही. या हातांना दुसरं काही येत नाही. रागावले नाहीये, घाबरले आहे. फोन करू नकोस, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझी काळजी करणारी आणि तुलाही काळजीत टाकणारी,
मावशी

९ जून

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी लाज वाटली, मग हट्ट चढला. मत फिरवत नाही. तो निकाल बरोबरच आहे. पण वकीलसाहेबांनी माझं पहिलंच पान वाचलेलं दिसतं. पान उलटलं असतं, तर त्या खटल्यात कोर्टाने तक्रारदाराच्या खोलीत माणूस बसवून आवाज ऐकवला होता, हेही वाचावं लागलं असतं. लाकूड कापायच्या यंत्राने तिथे कपबशा हलत होत्या, म्हणून ते बंद झालं.

तेव्हा खुलासा नको, जागेवर येऊन ऐकणारा कोर्ट कमिशनर माग. हातच्या काकणाला आरसा कशाला? तू गोधड्यांच्या कपाटात डोकं घालून वाजवतेस. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच मावश्या तशा उभ्या राहतात. मात्र आवाज पलीकडे गेलाच, तर निकाल तुझ्याविरुद्ध लागेल आणि तो बरोबर आहे असं मी सदरात लिहीन. मग सामान हलवायलाही मीच येईन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी चिमणी

१४ जून

चि. चिमणीस,

अ. उ. आ. अर्ज केला. हा हट्टीपणा तू माझ्याकडूनच उचललास, म्हणून तक्रार करता येत नाही. वकीलबाईंनी हळूच सुचवलं की त्या दिवशी जरा बेताने फुंका. मी सांगितलं, रोज फुंकते तशीच फुंकणार. खोटं वाजवून वाचलेली खोली मला नको.

आशीर्वाद आहेतच, या वेळी तूही मला दे.
मावशी

२ जुलै

चि. चिमणीस,

अ. उ. आ. खोली वाचली. कमिशनरबाई मास्तरांच्या पलंगाशी बराच वेळ बसल्या आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, सुरू करा की. तोवर मी वाजवून वाजवून धापा टाकत होते. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. सर्वसाधारण माणसाला त्रास होण्यासारखा आवाज नाही, असं कोर्टाने निकालात लिहिलं आणि दावा फेटाळला. हे तू खुशाल छाप.

पुढचं छापू नकोस. मास्तरांना ऐकू आलं होतं. वरचा एक सूर उतरलाय, असं त्यांनी कमिशनरबाईंना तिथल्या तिथे सांगितलं होतं. मी ट्रम्पेट उघडून पाहिलं, एक कळ खरंच गळत होती. निकालानंतर ते जिन्यात भेटले, तेव्हा मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, बायको गेल्यापासून दुपारी घर इतकं गप्प असतं की भिंतीपलीकडचा श्वासही कळतो. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्यांना खोटारडा समजत होते.

आता दुपारी मी फक्त सांध्यांना डाग देते, घासते, पुसते. फुंकायचं ते सकाळी. वकीलबाई म्हणाल्या, कोर्टाने अशी अट घातलेली नाही. मी म्हटलं, माहीत आहे, ही मी घातली आहे.

लोभ ठेव, आणि दुपारी आलीस तर जिना हळू चढ.
तुझी मावशी