फ्लेक्सवर ‘मेजर’ लिहू नये

मी, आदिनाथ रावजी भोसगे, वय ४६, मूळ राहणार मंद्रूप, हल्ली सोलापूर, फौजेतून निवृत्त हवालदार (स्वयंपाकी), हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. ‘पूर्ण’ हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला. डॉक्टरांना मात्र खात्री आहे. दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सौ. गोदावरी हिला. घर तसेही तिचेच आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पहाटे मी सगळ्यांना उठवून अंगणात रांगेत उभे केले, तेव्हा तिने ते स्पष्ट केले होते.

२. मोठी कढई व पळ्या मुलगी ओवी हिला. त्या कढईत तिघांची आमटी होत नाही. मी करून पाहिली. सगळी गल्ली जेवली.

३. काळी ट्रंक मेहुणे नंदू यांना, रिकामी. मिलिटरी कॅन्टीनचे कार्ड मृत्युपत्राने देता येत नाही. त्यांनी पुन्हा चौकशी करू नये.

४. माझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ‘मेजर’ लिहू नये. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर होतो. मंद्रूपच्या बाजारात मी मेजर, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ज्या टॉवेल कारखान्याच्या गेटवर मी वॉचमन आहे, तिथेही मेजर. मी स्वयंपाकी होतो असे सांगितले की लोक म्हणतात, मेजर लई साधे. बंदुकीसह फोटोही नको. ती फोटोग्राफरची होती.

मग लिहावे काय? हवालदारकी मी तिकडेच जमा करून आलो. ‘वॉचमन’ म्हणून कोणी हाक मारली तर मी अजून वळून पाहत नाही. नुसते नाव लिहावे, तर तो माणूस अठराव्या वर्षीच गाव सोडून गेला.

काल हा मसुदा गोदावरीला वाचून दाखवला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “फ्लेक्सचं मी बघून घेते. तुमी आदी सांगा, घरी आलाव का अजून तितंच हाव?”

मी प्रामाणिकपणे सांगितले, की नक्की सांगता येत नाही.

“मग आदी घरी या की. मरायचं नंतर बघू.”

सबब नावापुढची जागा कोरी ठेवली असून ती भरण्याचा अधिकार गोदावरीस राहील. तोवर मी येत आहे, असे या लेखाने जाहीर करतो.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : आदिनाथ रावजी भोसगे

साक्षीदार :
१. शाकीर नबीसाब बागवान, शेजारी
२. शिवू रेवण बिराजदार, गेटवरचा जोडीदार

(सह्या करण्यापूर्वी दोघांनाही कलम ४ वाचून दाखवले. दोघेही म्हणाले, “बरं, मेजर.”)